फवाऱ्याबिगर गुलाब

तामसी, ११ जुलै २०२५

सगळ्यांत आधी कोण आलं असंल? देवकाबाई. झाडं खणून काढणारा सब्बलवाला तिच्या मागून आला. आपल्या घरची बातमी तिले आपल्याआधी कशी भेटते ते मले आजवर समजलं नाही. डोक्यावर युरियाची रिकामी थैली घेऊन, भर पावसात, फाटकातूनच वरडली, "मनकर्णाबाई, बसल्या काय निवांत? तुमच्या गुलाबांचा दिवस भरला आज. सरनं माणूस सांगतला हाय उपटाले!"

थांब, जयभीम राह्यलाच. मैत्रीबाई, तुले आजीचा जयभीम, अन् हैदराबादच्या तुह्या दवाखान्यातल्या सगळ्या सिस्टर पोरींले बी. कागद काऊन लिहून राह्यली म्हणशील, तं फोनवर बोलली की तुहा बाप बाजूच्या खोलीत टीव्हीचा आवाज कमी करते. कागदाले आवाज नसते. माही शाळा तिसरीपर्यंतची, चुकलं तं समजून घेजो.

तं सर म्हणजे तुहा बाप. शाळेतले पोरं सर म्हणतात ते ठीक हाय, आता सारं गावच म्हणते. मी धम्म्याच म्हणते. तुले कोणी सांगतलं नसंल म्हणून सांगते, तुह्या धाकट्या भावाची, हर्षदीपची, सोयरीक चालू हाय. पोरगी आदिलाबादची, प्रगती नाव, बँकेत नोकरीले. आपले लोक पाहून आले. आता तिच्या घरचे आपलं घर पाहाले येणार. म्हणून तुह्या बापाच्या मनात आलं का अंगणात फाटकापासून भिंतीपर्यंत सिमेंटचे ठोकळे बसवाचे अन् गुलाब काढून टाकाचे.

म्या काय केलं, प्लास्टिकची खुर्ची उचलली, तुह्या आजाची छत्री घेतली अन् गुलाबाच्या मातीच्या ओट्यावर मधोमध जाऊन बसली. खुर्चीचे पाय चिखलात रुतले. बरंच झालं, आता कोणी हलवतो म्हटलं तरी हलणार नाही.

संतोष सब्बल घेऊन आला. आपला तो वरच्या गल्लीतला, लगनात लय नाचते तो. म्हणे, "काकू, उठा ना. मले दुसरीकडं बी जायाचं हाय."

"जाय ना मंग. म्या कुठं धरून ठेवलं तुले?"

"सरनं सांगतलं, सगळं साफ करून ठेव."

"सरले सांग, सरची माय बी ह्याच अंगणात लागली हाय. आधी तिचं मूळ काढ म्हणा."

तो हसला. सब्बल भिंतीले टेकवली अन् देवकाबाईच्या बाजूले ओसरीवर बसला. तुह्या आईनं त्याले चहा देला, देवकाबाईले देला, अन् मले मोठ्या कपात पावसात आणून देला. बोलली काही नाही. तिचं तसंच हाय, तुले माहीत हाय. पण कप मोठा होता.

दुपारी तुहा बाप शाळेतून आला. गाडी फाटकात उभी केली, हेल्मेट बी काढलं नाही.

"माय, लोक पाहून राह्यले."

"पाहू दे. तिकीट थोडीच लागते."

"ताप येईल तुले."

"आला तं झोपीन."

"पाव्हणे येतील तं बायांचे लुगडे अडकतात काट्यात. नवीन कुंड्या आणून देतो मी, लाल, पिवळ्या, मोठ्या फुलांच्या. तुले गुलाबच पाहिजे ना?"

"मले हेच पाहिजे."

हेल्मेटच्या आतून मंग हळूच म्हणे, "हे झाडं कोणी आणले ते मले माहीत हाय."

"मले बी माहीत हाय," मी म्हटलं.

बस, एवढंच झालं. तू त्या निर्मल गावच्या पोराले लगनाले नाही म्हटलं तवापासून ह्या घरात तुहं नाव कोणी घेत नाही. त्या दिवशी बी नाही घेतलं. पण घेतल्यासारखं झालं. संतोष सब्बल घेऊन घरी गेला. ठोकळे बसले, पण अर्ध्याच अंगणात. घराचा पट्टा माह्या नावावर हाय हे म्या बोलून नाही दाखवलं. खुर्ची चिखलातून काढताना जराशी खाकरली फक्त.

काल आषाढी पौर्णिमा. विहारात वर्षावास सुरू झाला. मूर्तीसमोर ठेवाले ओंजळभर फुलं नेली, ह्याच झाडांची. भंतेजी म्हणे, वास तर दारापासूनच आला.

अन् मी दोन दिवस जेवली नाही असं देवकाबाईनं कळवलं असंल तं खोटं हाय. भूक नव्हती.

तुही आजी,
मनकर्णा

तामसी, २९ जुलै

तुहं पत्र भेटलं. देवकाबाईच्या पत्त्यावर आलं, म्हणजे तिनं आधी उजेडात धरून पाह्यलं असंल, मंग मले देलं. अन् चारच ओळी? "आजी, उपटू दे त्यांना. झाडंच आहेत. तू भिजू नकोस." लय शुद्ध लिहाले लागली तू.

झाडंच हायत! अन् भिजू नकोस काय, ताप नव्हता मले. अंग गरम होतं थोडं. डॉक्टरले घरी बोलावलं ते तुह्या बापाच्या हौसेनं. तीन वेळा उठून माह्या कपाळाले हात लावत होता. मी झोपल्याचं सोंग घेतलं.

झाडंच हायत म्हणते. विसरली असशील तं सांगते, अन् नसशील विसरली तरी ऐक, मले सांगाले आवडते.

तुहा बाप बदलून आताच्या शाळेत आला त्या साली त्यानं नर्सरीतून गुलाब आणले होते. कलमाचे. वाटीएवढं फूल! उन्हाळाभर म्या त्याइले सावली केली, पाणी घातलं. इथलं ऊन तुले माहीत हाय, कावळा बी नळाखाली बसते. पण ऊन सोसलं त्याइनं. मेले ते पावसाळ्यात. हवा अशी चिकट की वाळू घातलेलं लुगडं संध्याकाळी अजून ओलं. पानावर काळे ठिपके आले, पानं पिवळी पडली, गळाली, अन् राह्यल्या नुसत्या काड्या. त्यावर मावा, त्या बारीक हिरव्या किडी. नर्सरीवाला म्हणे, "अम्मा, मंदू कोट्टाली." म्हणजे दर आठ दिवसाले औषध फवारा. बाटली उघडली तं कोंबड्या पळाल्या.

आता मले सांग. सकाळी विहारात हात जोडून मी पाणातिपाता वेरमणी म्हणते, कोणता जीव घेणार नाही म्हणते, अन् घरी येऊन लाख जीव मारू? अन् तेच फूल बुद्धापुढं ठेवू? मले नाही पटलं. मंग मी काय कराची, रोज संध्याकाळी एक एक पान ओल्या फडक्यानं पुसाची अन् वरून लोटाभर पाणी टाकाची, का मावा वाहून जाईल, मरणार नाही. गावात नाव झालं, मनकर्णा झाडाइले आंघोळ घालते. तुहा आजा मोतीराम म्हणे, "पावडर बी लाव."

पण रातभर ओलं राह्यलेलं पान लवकर सडते. हे मले कोणी सांगतलंच नाही. माह्या दयेनं सगळे गेले. एक वाचलं, त्याले खालून असे जोमदार फुटवे आले की मी नाचली. सालभर खत घातलं. फूल काही येईना. कलमाचा जोड कवाच मेला होता, मी खालच्या जंगली खुंटाले पोसून राह्यली होती. तुहा आजा म्हणे, कुंपणाले लाव, बकऱ्या तरी अडतील. तो माणूस मेला तरी माह्या कानात टोमणे मारते.

मंग एक दिवस वंदना झाल्यावर म्या सगळ्यांसमोर भंतेजीले विचारलं, मावा मारला तं शील मोडते का? लोक हसले. भंतेजी नाही हसले. म्हणे, "आजी, मारल्याबिगर जगत नाही असं झाड लावताच कशाले?"

मी घरी येऊन लय दिवस त्यावर विचार केला. अन् तू तवा इंद्रवेल्लीले होती, ट्रेनिंगले. तुले मी काही सांगतलं नव्हतं. तू आपल्या मनानंच सुट्टीत आली तं ओल्या टॉवेलात गुंडाळलेल्या काड्या घेऊन. तिथल्या तेलुगू सिस्टरच्या क्वार्टरमागं आपोआप वाढते म्हणे, नाटू गुलाबी, गावठी गुलाब. कोणी पाणी टाकत नाही, कोणी औषध मारत नाही. बसमधी कंडक्टरच्या हाताले काटा लागला अन् तो तिकीट द्याचं विसरला, आठवते? तू दारातून वरडत आली होती.

त्याच काड्या आता माह्या खांद्याइतक्या वाढल्या. फूल लहान, गुलाबी, पाकळ्या गच्च. अन् तू म्हणते उपटू दे.

हैदराबादेत तुही खोली वरच्या मजल्यावर हाय ना? गॅलरीत लाव. मी काडी पाठवीन. ऐक नीट. पेन्सिलीएवढी जाड काडी, पावसाळ्यातच लावाची, तिच्या स्वतःच्या मुळावर वाढू द्याची, कलम-बिलम नाही. खालून फुटलं तरी तेच झाड येते मंग, फसवणूक नाही. आपली काळी माती पाणी धरून ठेवते, म्हणून तीत मुरूम घाल, इथं म्या ओटाच उंच केला. सकाळचं ऊन पाहिजे, म्हणजे दव लवकर वाळते. पाणी सकाळीच, अन् बुडाशी. पानावर नाही! आंघोळ नाही! जास्त लावशील तं दोन झाडांच्या मधून पदर न अडकता निघता आलं पाहिजे, वारा बी तिथूनच जाते. बुडाशी पऱ्हाटीचे तुकडे पसरव, म्हणजे पावसाचा चिखल पानावर उडत नाही. हैदराबादेत कापसाच्या काड्या कुठं भेटतात म्हणा, वाळका पाला चालते. गळालेलं ठिपक्याचं पान उचलून दूर पुराचं. अन् धम्मचक्र दिन झाला की एकदा छाटाचं. बाकी त्याच्या वाटेले जायाचं नाही.

ठिपके ह्याले बी येतात हो. पुस्तकातल्यासारखं नाही काही. श्रावणात आठ-दहा पानं गळतात. पण ते झाड काही लाजत नाही, पंधरा दिवसांत पुन्हा हिरवं. माव्याले खाले चिमण्या अन् ते लाल ठिपक्याचे किडे येतात. त्याइचं शील त्याइच्यापाशी.

आता कामाची गोष्ट. तुह्या बापानं काल मले बसवून सांगतलं, पाव्हण्यांसमोर मोठ्या पोरीचा विषय काढाचा नाही. मध्यस्थाले त्यानं एकच पोरगा हाय असं सांगतलं हाय. ठरलेली सोयरीक मोडणाऱ्या पोरीच्या घरी कोण पोरगी देईल म्हणे. हाच माणूस जयंतीले माइकवर पोरींच्या शिक्षणावर बोलते अन् टाळ्या घेते. मी बी वाजवते, पहिल्या रांगेतून.

"समजलं ना माय?" म्हणे.

मी मान हलवली. कोणीकडं हलवली ते त्यानं पाह्यलं नाही.

आजी

तामसी, १८ ऑगस्ट

काल आले पाव्हणे. हसू आवरून लिहून राह्यली, अक्षर वाकडं येईल.

जीपमधून आधी उतरली ती पोरीची आजी, ताराबाई. पांढरं लुगडं, हातात काठी. मागून तिचा पोरगा सुरेंद्र, म्हणजे पोरीचा बाप, आदिलाबादले कोणत्या तरी हापिसात क्लार्क हाय. अन् पोरीचा मामा, त्यानं दिवसभर चिवडा खाल्ला, बाकी काही केलं नाही. तुहा बाप नव्या ठोकळ्यांवरून त्याइले घेऊन येत होता, हे माहं घर, हे माहं अंगण. ताराबाई ठोकळ्यांवर चाललीच नाही. सरळ गुलाबाकडं वळली. पदर अडकला नाही हो तिचा, मी मुद्दाम पाहून राह्यली होती.

म्हणे, "बाई, पावसाळ्यात एवढं पान? कोणतं औषध मारता?"

"काहीच नाही."

"माह्याकडं दर साली मरतात. कलमाचे आणतो आमी."

"मरतीलच ते," मी म्हटलं. अन् मंग काय, आमी दोघी तिथंच लागलो. तुहा बाप म्हणे, आत चला, आत चला. सुरेंद्रराव म्हणे, माय, पाय दुखतील. कोण ऐकते! ती वाकून वास घेऊन राह्यली होती. मंग तिनं विचारलं, "लावले कोणी?"

तुह्या बापानं माह्याकडं पाह्यलं. हर्षदीपनं बी. तुही आई दारात ट्रे घेऊन उभी होती.

मी म्हटलं, "माह्या नातीनं. मोठ्या. मैत्री नाव हाय. हैदराबादले सिस्टर हाय."

सुरेंद्रराव म्हणे, "मध्यस्थ तं म्हणे एकच पोरगा हाय."

"मध्यस्थ चुकला. दोन हायत."

तुहा बाप म्हणे, "माय, आत चल."

"येते. एवढं सांगून येते. तिची सोयरीक ठरली होती. पोरगं म्हणे नोकरी सोड. तिनं पोरगं सोडलं. तवापासून ह्या घरात तिले कोणी बोलावलं नाही. बाकी काही नाही. पोरगी चांगली हाय, झाडं तुमी पाह्यलीच."

ओसरीवर सगळे बसले. मामा चिवडा खाऊन राह्यला. मले वाटलं, गेली सोयरीक. हर्षदीपचं तोंड पाहून मले क्षणभर वाईट वाटलं, खोटं काऊन सांगू. क्षणभरच वाटलं.

ताराबाईनं काठी आडवी ठेवली अन् तुह्या बापाले म्हणे, "सर, आमची प्रगती बी नोकरी करते. उद्या तिचं अन् तुमचं कशावरून वाकडं आलं, तं तुमी लोकाइले सांगसान का, आमाले सूनच नव्हती म्हणून?"

सुरेंद्रराव म्हणे, "माय, असं काय बोलते?"

"तू चूप. मी सरले विचारून राह्यली."

तुहा बाप शाळेत पोरांले असे उभे करते. काल तोच उभ्यासारखा बसला होता. घाम पुसला. बोलाले गेला, खोकला आला. तुह्या आईनं पाणी देलं. अन् तितक्यात कोण बोललं असंल? हर्षदीप! जो घरात मीठ मांगाले बी लाजते! म्हणे, "मी दर रविवारी ताईशी बोलतो. तिले सगळं माहीत हाय. प्रगतीचा फोटो बी तिले आवडला."

काऊन ग? दर रविवारी? अन् मी इथं तुले बातम्या देऊन राह्यली, तुह्या भावाची सोयरीक चालू हाय म्हणून! हसले असान दोघं. अन् तुह्या आईनं ट्रे खाली ठेवला तो जरा जोरात ठेवला, म्हणजे तिले बी माहीत होतं. एक मीच अन् एक धम्म्या. आमी माय-लेक दोघंच खुळे निघालो.

तुह्या बापानं हर्षदीपकडं लय वेळ पाह्यलं. मले वाटलं आता उठते अन् मारते. तो ताराबाईले म्हणे, "म्या तिले घरात येऊ नको म्हटलं. ती आली नाही. आता ये म्हटलं तं येईल का, मले माहीत नाही."

"म्हणून पाह्यलं का?"

"नाही."

"मंग म्हणा," ताराबाई म्हणे. "आमी साक्षगंधाची बोलणी कराले परत येऊ. तवा ती पोरगी घरात दिसली पाहिजे. नसंल तं आमी बसणार नाही, उभ्या पायानं परत जाऊ. प्रगतीले तिची नणंद पाहू द्या आधी."

जाताना तिनं माह्याकडून काड्या मागून नेल्या. मी ओल्या फडक्यात बांधून देल्या अन् आंघोळ घालाची नाही हे तीनदा सांगतलं. ती म्हणे, "तुमी तं माह्यापेक्षा बी जास्त बोलता." मले हे कोणी पहिल्यांदाच सांगतलं असं नाही, पण एवढ्या मायेनं कोणी सांगतलं नव्हतं.

दिवस ठरवताना देवकाबाई, हो, ती होतीच, ती म्हणे, "त्या राती चंद्राले गिरान हाय, दुसरा दिवस पाहा." ताराबाई अन् मी एकदमच बोललो, "लागू दे!"

आता तुहा बाप. काल संध्याकाळपासून फोन हातात घेऊन बसला हाय. तुहं नाव काढते, पाहते, पुन्हा ठेवून देते. मी त्याले शिकवाले गेली नाही. आज सकाळी मले म्हणे, "माय, ती नाही आली तं?" मी म्हटलं, "नाही आली तं सोयरीक मोडंल, अन् ती तू मोडली असं मी सगळ्या गावाले सांगीन." मंग म्हणे, "अन् आली तं मी काय बोलू तिच्याशी?" हे मात्र त्यानं खरोखरचं विचारलं. मी म्हटलं, जेवली का, एवढं विचार. बापाले तेवढं पुरते.

त्याचा फोन येईल, नाही येईल, तू त्याची वाट पाहत बसू नको. मान कमी होते असं तुले वाटत असंल तं हे घर माह्या नावावर हाय, बोलावणारी मी हाव. तुले कोणाची माफी मांगायची नाही अन् कोणाले द्यायची बी नाही. आदल्या दिवशी शनिवारी ये, सकाळची बस धर. हर्षदीप आदिलाबादले घ्याले येईल, रविवारचा हिशोब बी मी त्याच्याशी तिथंच करीन, मी बी येते संगं. अन् पाव्हण्यांची जीप थांबली की फाटक दुसऱ्या कोणाले उघडू देजो नको, तूच उघडजो.

भादव्याच्या पौर्णिमेले येतो म्हणाले ते. सात सप्टेंबर, रविवार, जेवाच्या आधी.